पिवळ्या फुलांचे तीन दिवस

उन्हाळ्यात आमच्या जळगावात घरात झोपणं म्हणजे शिक्षा. भिंती तापलेल्या, गादी तापलेली, पंख्याचा वारासुद्धा तापलेला. म्हणून मार्च सरता सरता मी वळकटी घेऊन गच्चीवर जाते. मुलगा पुण्याला, मी शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटीच. नको जाऊस म्हणणारं कुणी नाही. गच्चीची फरशीही पहाटेपर्यंत कोमटच असते, पण पहाटे कधीतरी वारा सुटतो आणि खरा डोळा तेव्हाच लागतो. नेमका त्याच वेळी खाली गल्लीत खराट्याचा आवाज सुरू व्हायचा.

त्या आवाजानं माझी झोप कधी मोडली नाही. उलट ती आणखी दाट व्हायची. आमची गल्ली झाडणाऱ्या अक्काचा हात लांब होता. एक लांब फरकाटा, मग जराशी उसंत, मग दुसरा. पाण्याच्या टाकीपासून ती सुरुवात करायची आणि एकेक दार मागं टाकत येत राहायची. आता काकूंचं दार, आता किराणा दुकानवाल्या भाभींची पायरी, हे मी डोळे मिटूनच ओळखायचे. कधी कधी अर्धवट झोपेत वाटायचं, आपण भडगावच्या घरी आहोत, मागून गिरणा वाहतेय आणि आई अंगण झाडतेय. मग मी कूस बदलायचे, आणि आई झाडतच राहायची.

माझ्या दारापाशी मात्र खराटा थांबायचा. रोज. पाच-सहा श्वास होतील इतका वेळ, मग पुन्हा सुरू. माझ्या दारात पिवळा गुलमोहर आहे, मीच लावलेला. त्या झाडाच्या सावलीत ती घटकाभर दम खाते, असं मी धरून चालले होते आणि मनातल्या मनात त्याचं पुण्यही स्वतःच्या नावावर लावलं होतं. सूर्य उगवायच्या आधी सावली कुठून येणार, हा प्रश्न उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवलेल्या बाईला एकदाही पडला नाही.

आमची कॉलनी तशी स्वच्छ म्हणून मिरवणारी. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, घंटागाडी आली की बायका दोन-दोन डबे घेऊन फाटकाशी हजर. कॉलनीचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यात कुणाच्या दारापुढं केळीचं साल दिसलं तरी फोटो पडतो आणि चार जणी हात जोडलेली चित्रं टाकतात. त्यात मी आघाडीवर. पण घरांच्या मागून नाला जातो आणि नाल्याकडची बाजू ही कुणाचीच नाही, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. गच्चीचा मागचा कठडा तर मी मुद्दाम पुरुषभर उंच बांधून घेतला होता. नाला दिसायला नको.

अक्का राहायची त्या नाल्यापलीकडं. हे मला कळलं ते एकदा ती पायरीवर चहा प्यायला बसली तेव्हा. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला. उजवं अंग गेलं, डावा हात तेवढा चालतो. पहाटे ती त्याला उशीला टेकवून बसवायची आणि झाडायला निघायची. आठला नाल्यावरच्या फळीवरून पळत घरी, त्याला चहा-भाकरी भरवायची, कूस बदलून द्यायची आणि साडेआठला परत कामावर. घराच्या सगळ्यांत जवळची गल्ली आमची. ही गल्ली मिळावी म्हणून ती वर्षभर मुकादमाच्या मागं लागली होती. गल्ली गेली तर माणूस दुपारपर्यंत उपाशी, असं ती म्हणाली, आणि कप विसळून पालथा घालून गेली. तो कप मी वेगळा ठेवत असे, हेही इथंच सांगून टाकते.

आता बिबड्यांचं. खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, पण पापड म्हटलं तर आमच्याकडच्या बायका रागावतील. ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवायची, भरडायची, मग पहाटे अंधारात मोठ्या हंड्यात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची. तो घट्ट घाटा गरम असतानाच खाटेवर ओलं धोतर अंथरून त्यावर ओल्या हातानं थापायचा. गच्चीवर कुरडया वाळतात, पण घाट्याचा हंडा उचलून जिना चढणार कोण? म्हणून आमच्या बिबड्या गल्लीतच. विटांची चूल गल्लीत, खाटा गल्लीत, बायकाही गल्लीत. या सगळ्यांच्या मुख्य म्हणजे मूळच्या सावदा गावच्या काकू. वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. भाभी लसूण खात नाहीत, त्यांचा घाटा आधी वेगळा काढायचा, एवढं सोडलं तर काकूंच्या पुढं कुणाचं काही चालत नाही.

त्या वर्षी काकूंना एकच चिंता होती, धुळीची. आदल्या वर्षीच्या बिबड्या तळल्यावर दाताखाली कचकच लागली होती. खराटा चालला की धूळ उडणार, ती ओल्या बिबड्यांवर बसणार. पाणी शिंपडून झाडावं तर पाणी दिवसाआड यायचं, तेही पुरत नव्हतं. तेव्हा काकूंनी ठरवलं की अक्कानं तीन दिवस झाडूच नये. आणि हे तिला सांगायला कुणाला पाठवायचं? बाईंना. बाईंचं सगळे ऐकतात.

मी सांगितलं. अक्कानं खराट्यावर दोन्ही हात टेकवले आणि गल्लीकडं बघितलं.

"तुमन्या बिबड्या वाळतीन बाई," ती म्हणाली. "पन मनी गल्ली गई, तं त्याले चहा कोन पाजी?"

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे अक्का," मी म्हटलं. "काही होत नाही. मी आहे ना."

हे वाक्य मी शाळेत किती मुलांना म्हटलं असेन. परीक्षेला घाबरलेल्या, सहलीला घाबरलेल्या. ते म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो, हे मला ठाऊक होतं. तिचाही झाला.

ते तीन दिवस आजही आठवले की मन कुठल्या कुठं जातं. मी पहाटे चारला खाली उतरायचे. चुलीचा उजेड समोरच्या भिंतींवर हलत असायचा. हंड्यातून वाफ निघायची आणि ज्वारीचा आंबूस, गोड वास सगळ्या गल्लीभर पसरायचा. बायका हलक्या आवाजात बोलायच्या, जणू मोठ्यानं बोललं तर सकाळ होईल. मध्येच काकू वाटीभर घाटा काढून त्यावर तेलाची धार सोडायच्या आणि न विचारता हातात द्यायच्या. मग हळूहळू उजाडायचं. खाटांवर बिबड्यांच्या ओळी उमटलेल्या दिसायच्या, आणि वरून पिवळी फुलं पडत असायची. झाडायला कुणी नव्हतं म्हणून ती पडली तिथंच राहायची. दुसऱ्या दिवशी पायाखाली पिवळा थर झाला, तिसऱ्या दिवशी डांबर दिसेनासं झालं. मी चप्पल काढून त्यावरून चालले. या वयात असलं काही करावं का, असा विचारही मनात आला नाही.

अक्का तिन्ही दिवस तिच्या वेळेला येत होती. झाडायचं नव्हतं तरी खराटा घेऊन गल्लीतून चालत यायची आणि माझ्या दारापाशी उभी राहायची. माझं घर आणि शेजारचं घर यांच्या मधे एक अरुंद बोळ आहे. त्याच्या तोंडाशी मी दोरी बांधून बिबड्यांची धुतलेली धोतरं वाळत घातली होती. पहिल्याच दिवशी तिनं हातानं एक धोतर जरासं बाजूला सारलं. काकूंनी लांबूनच, अगदी गोड आवाजात, ते धुतलेलं आहे, हात नको लावूस, असं सांगितलं. तिनं हात मागं घेतला. मला ते बोलणं आवडलं नाही. पण हातात घाटा होता, आणि मी थापत राहिले.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी फोटो काढला. खाटा, पांढऱ्या बिबड्या, वाफ आणि खाली सगळं पिवळं. इतका सुरेख फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता. मी तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'तीन दिवसांची फुलं, आमची गल्ली.' दुपारपर्यंत कौतुकाचा पाऊस. कुणीतरी तो पुढं पाठवला, तिथून आणखी पुढं. फोटोला पाय फुटतात म्हणतात ते असं.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादम आला. सफाईच्या ठेकेदाराचा माणूस, वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. त्याच्या मोबाईलमध्ये माझा फोटो होता. बिबड्या त्याला दिसल्याच नसाव्यात. त्यानं अक्काला बोलावलं आणि बोटानं फोटो मोठा करून दाखवला. तीन दिवस गल्ली झाडलेली नाही, हे खालीच लिहिलंय, म्हणाला. खरं का?

आम्ही पाच-सहा जणी तिथंच वाळलेल्या बिबड्या डब्यांत भरत होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. वर्गात मूल बाईंकडं बघतं तसं, आता बाई सांगतील म्हणून. मी सांगणार होते. तोंड उघडलंही असेल. पण रस्त्यावर चूल मांडली म्हणून उलट आम्हालाच नोटीस आली तर, फोटो मी काढला हे कळलं तर, काकू काय म्हणतील, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी कपात बघत राहिले.

"चूक व्हयनी भाऊ," अक्का म्हणाली. आमची चूक तिनं स्वतःच्या नावावर घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा वाजला, पण तो दुसरा होता. भराभर, आखूड, घाईचा. माझ्या दारापाशी तो थांबला नाही. मी गच्चीवर टक्क जागी होते. आई, अंगण, गिरणा यांतलं काहीही आलं नाही.

आठवड्यानं कळलं की अक्काला रेल्वेलाइनच्या पलीकडं टाकलंय. पहाटे साडेचारला निघते, घरी यायला साडेअकरा होतात. मी बिबड्यांचा डबा भरला, थर्मासमध्ये चहा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फळीवरून नाला ओलांडला.

पत्र्याचं दोन खणांचं घर. पुढचं अंगण सारवलेलं, एक काडी नाही. दाराशीच खाट, खाटेवर तिचा नवरा. भाऊ, मी अमुक गल्लीतली बाई, असं सांगितल्यावर त्यानं डाव्या हातानं नमस्कार केला आणि आधी पाणी मागितलं. तांब्या त्याच्यापासून दोन हातांवर होता. सकाळपासून दोन हातांवर होता.

त्याला चहा पाजून मी पायरीवर टेकले आणि समोर पाहिलं. समोर आमची कॉलनी होती, पाठीकडून. मी ती बाजू कधी बघितलीच नव्हती. भिंतींना लागून पिशव्यांचा ढीग, नारळाच्या करवंट्या, तुटकी बादली, फाटकी गादी. सगळ्यांत पुढं निळ्या पिशव्या होत्या. निळ्या पिशव्या मी वापरते. घंटागाडी चुकली की एखादी मागं टाकते, एखादीच, असं मी स्वतःला सांगत आले होते. मोजल्या नाहीत. मला इतकी लाज वाटली की मी उठून नाल्याकडं पाठ करून बसले. पुढंही रोज तशीच बसत गेले.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य असं होतं की आम्ही सांगितलं म्हणून अक्कानं तीन दिवस झाडलं नाही, चूक तिची नाही, आमची आहे. ते घेऊन दारोदार फिरले. काकूंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, सही केली, आणि मग विचारलं की त्या माणसाला डाळ-भात चालतो का. भाभींनी सही केलीच, शिवाय त्या दिवसापासून त्यांच्याकडून एक डबा येऊ लागला. खरं सांगायचं तर दोन घरांनी दार लावून घेतलं. त्यांनाही मी काही म्हणू शकत नव्हते.

मुकादमानं पत्र ठेवून घेतलं. हे आधी बोलला असतात तर, असं तो म्हणाला आणि मी मान खाली घातली. आता तुमच्या गल्लीवर घातलेल्या बाईलाही एकदम उठवता येणार नाही, गल्ल्या पोळ्यानंतर बदलतात, तेव्हा बघू, म्हणाला.

मग पोळ्यापर्यंत रोज आठ वाजता मी फळी ओलांडत राहिले. माझ्यानंतर कधी भाभी, कधी काकूंची सून. अक्का मला त्या काळात दोनदाच भेटली. पहिल्यांदा ती नुसती मान हलवून कामाला लागली. दुसऱ्यांदा तिनं थर्मास घासून परत दिला आणि त्याले तुमना चहा गोड लागस, एवढं म्हणाली. नाल्याची बाजू आम्ही दोन रविवार लागून साफ केली. ती साफ राहिली का? निम्मी राहिली. निळी पिशवी मात्र तिथं पुन्हा पडली नाही.

अक्काच्या नवऱ्याला मी आता भाऊच म्हणत होते. तो कमी बोलायचा. एकदा मी विचारलं, दिवसभर एकट्याला करमतं कसं? तो म्हणाला की आधी सकाळी अक्काचा खराटा इथपर्यंत ऐकू यायचा. टाकीपासून सुरू झाला की त्याला समजायचं, आता कुठं पोचली. आता वाजतो तो दुसऱ्या कुणाचा. मी गच्चीवरून ऐकायचे आणि नाल्यापलीकडं हाही ऐकत पडलेला असायचा. इतकी वर्षं एकाच आवाजाला आम्ही दोघं कान लावून होतो. मला त्याचं फार नवल वाटलं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही.

पोळा झाला. मुकादमानं शब्द पाळला. अक्काला आमची गल्ली परत मिळाली, हे मला भाऊनंच सांगितलं. सांगताना त्याचा डावा हात एका जागी राहत नव्हता.

"सकाळी लवकर या बाई," तो म्हणाला. "उजाडाना आधी. तुमले एक गंमत दखाडसू."

दुसऱ्या दिवशी मी अंधुक उजेडात पोचले. हवेत गारवा होता, नाल्यावर धुकं उतरलं होतं. अक्कानं जाताना त्याला उशीला टेकवून बसवलं होतं, केस विंचरले होते. मी नेहमीसारखी पायरीवर, नाल्याकडं पाठ करून बसले. थोड्या वेळानं पलीकडून तो आवाज आला. एक लांब फरकाटा, मग उसंत, मग दुसरा. माझे डोळे आपोआप मिटले. भाऊ हळू आवाजात मोजत होता. टाकी झाली. काकूंचं घर झालं. दुकान झालं. आणि मग माझ्या दारापाशी खराटा थांबला.

दम खाते बिचारी, असं जुन्या सवयीनं माझ्या मनात आलं.

"दखा," भाऊ म्हणाला.

मी वळले. समोर आमच्या घरांच्या पाठी, सगळ्या बंद, आणि माझा उंच कठडा. माझं घर आणि शेजारचं घर यांच्या मधे त्या बोळाची फट, हातभर रुंद. फटीच्या पलीकडच्या टोकाला गल्लीचा एवढासा तुकडा दिसत होता. गुलमोहराला दुसरा बहर आला होता, त्या तुकड्यात चार फुलं पडलेली होती, आणि त्यांच्यामध्ये अक्का उभी होती, तोंड आमच्याकडं करून.

"ती रोज तठेच उभी राहस," भाऊ म्हणाला. "आठेथीन तितलीच जागा दखास." त्याच्या खाटेवरून गल्लीचा तेवढाच तुकडा दिसत होता.

त्यानं डावा हात वर केला. पलीकडं तिनं खराटा काखेत धरून हात वर केला. पाच-सहा श्वास होतील इतका वेळ. मग ती फटीतून दिसेनाशी झाली आणि खराटा पुढं सरकला.

चहा गार होत होता. मला उन्हाळ्यातले ते तीन दिवस आठवले, बोळाच्या तोंडाशी दोरीवर मीच वाळत घातलेलं ओलं धोतर आणि ते जरासं बाजूला सारणारा तिचा हात.